लॉची सीईटी, क्लॅट आणि निकालाचा कागद : वाचकांचे प्रश्न

लॉच्या प्रवेश परीक्षांबद्दल (राज्याची सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट) आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली. उत्तरतालिकेशी ताडून पाहिलं तर माझे १२० पैकी ७८ भरतात, मैत्रिणीचे ७६. पण तिला ८७ पर्सेंटाइल आणि मला ८५! ही चूक आहे का? तक्रार कुठे करायची? (सांगली)

उत्तर : चूक नाही, त्यामुळे तक्रारीतून काही निघणार नाही. तुम्ही दोघींनी वेगवेगळ्या सत्रांत पेपर दिला असणार. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून तुलना फक्त त्या सत्रातल्या मुलांशीच होते. हिशेब असा : तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, त्याला त्या सत्रात बसलेल्यांच्या संख्येने भागायचं आणि १००ने गुणायचं. समजा, तुमच्या सत्रात ११,००० जण होते आणि ७८ किंवा त्याखाली ९,३५० जण राहिले, तर ८५ पर्सेंटाइल. मैत्रिणीचा पेपर जरा अवघड गेला, तिच्या सत्रातल्या १०,००० जणांपैकी ८,७०० जण ७६ किंवा त्याखाली राहिले, तर ८७. तुमचा पेपर सोपा होता म्हणून ७८ च्या वर जास्त जण पोचले, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला १००च मिळतात, मग त्याचे गुण ११० असोत की ९८.

८५ म्हणजे ८५ टक्के नव्हेत, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना एकदाच नीट समजावून द्या, पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

आणखी एक गोष्ट अशी की मधल्या पट्ट्यात गर्दी फार असते. तिथे तीन-चार गुणांनी पर्सेंटाइल बरंच हलतं. वरच्या टोकाला मात्र तेवढ्याच गुणांनी दशांशाचा फरक पडतो. त्यामुळे ‘फक्त चार प्रश्न चुकले नसते तर’ हा विचार ६० पर्सेंटाइलवाल्याने केला तर त्यात तथ्य आहे, ९९वाल्याने करू नये.

मागच्या वर्षांचे कटऑफ पाहताना लोक दोन ठिकाणी फसतात. जुन्या यादीत ‘११२’ असा आकडा दिसला तर तो १५० पैकी गुणांचा असू शकतो, कारण आधी पेपर १५० प्रश्नांचा होता. त्याची तुलना आजच्या पर्सेंटाइलशी होत नाही. दुसरं, कटऑफ कोणत्या फेरीचा आणि कोणत्या प्रवर्गाचा ते पाहा. पहिल्या फेरीचा आकडा बघून हातपाय गाळणारे बरेच जण असतात, नंतरच्या फेऱ्यांत तोच आकडा सहसा खाली येतो.

तक्रारीची खरी वेळ निकालाआधीची. उत्तरतालिका आली की हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात आणि दर प्रश्नामागे शुल्क लागतं. तेव्हा आपली नोंदवलेली उत्तरंही तपासा. ‘मला येत होतं, मी दिलंय’ अशा उत्तराची जागा कोरी दिसली, तर बहुतेक वेळा पर्याय निवडून ‘सेव्ह’ न करताच पुढच्या प्रश्नावर उडी मारलेली असते. याची सवय सराव परीक्षेतच मोडायला हवी.

प्रश्न : माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालं. सीईटीचा पेपर मराठीतही असतो म्हणतात, पण चांगली पुस्तकं इंग्रजीत. लीगल ॲप्टिट्यूडची तयारी कोणत्या भाषेत करू? (माजलगाव)

उत्तर : समजून मराठीत घ्या, पण शब्द दोन्ही भाषांतले हवेत. इंग्रजीचा विभाग सोडला तर बाकी प्रश्न मराठीत वाचता येतात. अडचण अशी की पेपरातलं मराठी सरकारी वळणाचं असतं आणि तुमच्या पुस्तकातलं शिकवणीच्या वळणाचं. हेबिअस कॉर्पसला (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा आदेश) एका ठिकाणी ‘बंदीप्रत्यक्षीकरण’ म्हणतात, दुसरीकडे ‘देहोपस्थिती’. म्हणून वहीत तीन रकाने करा : इंग्रजी शब्द देवनागरीत, मराठी पर्याय (दोन असतील तर दोन्ही), आणि एका ओळीचं उदाहरण. प्रतिफल, अज्ञान (कायद्याच्या भाषेत अल्पवयीन), अपकृत्य, दखलपात्र, जामीनपात्र, वादी, सिद्धदोष असे शंभर-सव्वाशे शब्द झाले तरी पुष्कळ पल्ला गाठतो. मराठी वाक्य दोनदा वाचूनही अडलं तर इंग्रजी वाक्याकडे नजर टाका. तिसऱ्यांदा मराठीच वाचत बसू नका.

पाच वर्षांच्या सीईटीत १२० पैकी ३२ प्रश्न कायद्याचे असतात, तीन वर्षांच्या परीक्षेत २४. त्यांतले काही निव्वळ माहितीचे : अनुच्छेद २१ कशाबद्दल, ३२ आणि २२६ मध्ये फरक काय, अज्ञान व्यक्तीचा करार शून्य ठरवणारा १९०३चा मोहरी बीबी खटला, अशा धर्तीचे. ते पाठच करावे लागतात. दुसरा प्रकार तत्त्व आणि घटना देणारा. हुशार मुलं चुकतात ती इथे. एक नमुना पाहा.

तत्त्व : नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो.
घटना : किराणा दुकानाचा टेम्पोचालक माल पोचवून परतताना, मालकाला न सांगता, वीस किलोमीटर आडवाटेने बहिणीच्या गावी गाडी नेतो. तिथे त्याच्या बेफिकिरीमुळे एका सायकलस्वाराला धडक बसते. मालक जबाबदार का?
(अ) हो, कारण गाडी मालकाची आहे. (ब) हो, कारण चालक पगारी नोकर आहे. (क) नाही, कारण चालक स्वतःच्या कामाला गेला होता. (ड) नाही, कारण सायकलस्वाराने बाजूला व्हायला हवं होतं.

उत्तर (क). (अ) मोह पाडतो, कारण अपघात झाला की मालकाला आणि विमा कंपनीला पकडतात, हे आपण पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात मोटार वाहन कायद्याखाली दावा तिथवर जाऊही शकतो. पण तत्त्वात गाडीच्या मालकीबद्दल चकार शब्द नाही. (ब) अर्धाच बरोबर आहे : चालक नोकर आहे, पण ‘कामाच्या ओघात’ ही अट या पर्यायाने गाळली. (ड) घटनेत नसलेली गोष्ट आणतो. पद्धत एवढीच की तत्त्वातल्या अटी बोटावर मोजायच्या (नोकर, निष्काळजीपणा, कामाचा ओघ) आणि प्रत्येक अट घटनेत सापडते का ते बघायचं. न्याय काय व्हायला हवा, हा विचार कॉलेजात गेल्यावर करायला पाच वर्षं आहेत.

जुन्या पुस्तकांबाबत सावध राहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८, चोरी आता ३०३. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं एफआयआरचं १५४ हे नागरिक सुरक्षा संहितेत १७३ झालं आणि जमावबंदीचं १४४ तिथे १६३. फूटपाथवर स्वस्तात मिळणारा २०२२चा गाइड तर्कशक्ती आणि गणितासाठी खुशाल घ्या, फौजदारी कायद्याची पानं मात्र त्यातून वाचू नका.

प्रश्न : पाच वर्षांच्या सीईटीत गणित किती? मी दहावीनंतर गणित सोडलं आहे. (चिपळूण)

उत्तर : ८ प्रश्न. टक्केवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग. रोज पंधरा मिनिटं, दोन महिने. त्यासाठी वेगळी शिकवणी लावू नका. ते पैसे आणि तो वेळ तर्कशक्तीच्या ३२ प्रश्नांना द्या.

प्रश्न : मुलाला क्लॅटमध्ये १२० पैकी ५४ मिळाले. निगेटिव्ह मार्किंगने घात केला असं तो म्हणतो, आणि शिकवणीतले सर म्हणतात की कमी प्रश्न सोडवायला हवे होते. निकालापासून तो नीट बोलत नाही. वर्ष वाया घालवावं की मिळेल तिथे प्रवेश घ्यावा? एक आई (कल्याण)

उत्तर : ताई, आधी त्या ५४ चे तुकडे करू. उत्तरपत्रिका काढून किती बरोबर, किती चूक, किती कोरे ते त्यालाच मोजायला सांगा. समजा ६४ बरोबर, ४० चूक आणि १६ कोरे निघाले. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे ६४ वजा १०, बरोबर ५४. आता बघा, निगेटिव्ह मार्किंगने नेले १०. चाळीस प्रश्न चुकले म्हणून न मिळालेले गुण ४०, आणि वेळेअभावी राहिले ते १६. घात कुणी केला ते आकडेच सांगतात.

सरांचा सल्लाही हिशेबात बसत नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून उत्तर दिलं तरी सरासरी प्रश्नामागे गुण किंचित वाढतात, ०.०६ इतके. एक पर्याय खोडता आला तर ०.१७, दोन खोडले तर ०.३८. पाच प्रश्नांत एकापेक्षा जास्त वेळा बरोबर येत असाल तर उत्तर देणंच फायद्याचं. तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो : एका उताऱ्याशी सात-आठ मिनिटं झटापट करायची आणि शेवटचे दोन उतारे न वाचताच सोडायचे. राज्याच्या सीईटीत तर चुकीला दंडच नाही. तिथे एकही जागा कोरी सोडणं म्हणजे गुण टाकून येणं. शेवटची तीन मिनिटं उरली की राहिलेल्या सगळ्यांना एकच पर्याय लावून मोकळं व्हावं.

मग त्या ४० चुकांसमोर त्याने एकेक अक्षर लिहावं : ‘म’ माहीत नव्हतं, ‘व’ वाचताना ‘नाही’, ‘वगळता’ असा शब्द निसटला, ‘द’ दोघांत अडकून चुकीचा निवडला, ‘घ’ घाईत. ‘म’ जास्त असतील तर अभ्यास वाढवायचा. ‘व’ आणि ‘घ’ जास्त असतील तर अभ्यास वाढवून काहीच होणार नाही, घड्याळ लावून वाचनाचा सराव करावा लागेल. ‘द’ जास्त असतील तर प्रत्येक प्रश्नात बरोबर पर्याय का बरोबर हे बघण्याआधी आपला पर्याय का चुकला, ते एका वाक्यात लिहायचं. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच बहुतेक मुलं ते टाळून पुढची मॉक (सराव परीक्षा) द्यायला बसतात. आठवड्याला दोन मॉक पुरे. जेवढा वेळ सोडवायला लागला, तेवढाच तरी तपासायला द्यावा.

वर्षाचा निर्णय आत्ता घेऊ नका. क्लॅट अलीकडे डिसेंबरात होते, राज्याची सीईटी त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास. हातात काही महिने आहेत. क्लॅटमध्ये साडेचारशे शब्दांचे उतारे असतात. सीईटीत सुटे, छोटे प्रश्न आणि २४ सामान्यज्ञानाचे. म्हणजे वाचनाचा वेग कमी पडणाऱ्या मुलाला दुसरी परीक्षा जास्त मानवू शकते. सीईटीचा निकाल आणि प्रवेशाच्या दोन फेऱ्या झाल्यावर मग पुन्हा प्रयत्नाचा विचार करा. तेव्हाही कसोटी एकच ठेवा : चुकांच्या यादीत सुधारता येण्याजोग्या किती? राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं नाव मिळालं तर उत्तमच. पण बार कौन्सिलची मान्यता असलेल्या कुठल्याही कॉलेजातून एलएलबी झालेल्याला तीच अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, नोंदणी महाराष्ट्र आणि गोव्याच्या त्याच बार कौन्सिलकडे होते आणि कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षाही तीच असते. वकील झाल्यावर क्लॅटचे गुण कुणी विचारत नाही.

घरात काय करायचं? दर मॉकनंतर ‘किती?’ विचारणं थांबवा. विचारायचंच असेल तर ‘आज कोणती चूक कमी झाली?’ विचारा. नातेवाइकांना आकडा तुम्हीच सांगून टाका, त्याच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. गप्प राहणं आठ-दहा दिवसांत ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण बिघडलेलं असेल, मित्रांचे फोनही घेत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही अशा धर्तीचं काही तो बोलला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

प्रश्न : वय ४४, नोकरी सुरू. पदवीला ४४.८ टक्के, खुला प्रवर्ग. तीन वर्षांचं लॉ करता येईल का? (रत्नागिरी)

उत्तर : वय आड येत नाही. टक्के येतात. खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के लागतात, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. ४४.८ चे ४५ धरले जात नाहीत. सीईटीला बसू देतात, अर्जही भरला जातो, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत नाव गळतं. तोवर फी आणि सहा महिने गेलेले असतात. विद्यापीठाकडे श्रेणीसुधाराची सोय असेल तर आधी ती विचारा. शिवाय ७० टक्के हजेरीची अट आहे. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज आणि समजूतदार साहेब, दोन्ही असतील तरच हे जमतं.

प्रश्न : ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीत) आपल्या पर्सेंटाइलला मिळेल असं कॉलेज पहिलं लिहावं का? वरची कॉलेजं लिहिली तर खालचीही हातची जातात म्हणे. (लातूर)

उत्तर : नाही जात. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि ज्या पहिल्या ठिकाणी तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला जागा आहे तिथे थांबते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस पहिल्या क्रमांकावर लिहून ते मिळालं नाही, तर सातव्या क्रमांकावरचं कॉलेज जणू पहिलंच लिहिलं होतं असंच धरलं जातं. उलट सोपं कॉलेज वर लिहिलंत तर तेच गळ्यात पडेल. खरी आवड वर, मधे बरोबरीची, आणि तळाशी नक्की मिळतील अशी तीन-चार. फक्त जिथे मिळालं तरी जाणार नाही, ते नाव यादीत नको.

कॉलेजांपेक्षा कागदांनी जास्त प्रवेश अडतात. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, तो अर्ज परीक्षेच्या आधीच टाकलेला हवा. नॉन-क्रीमी लेयरवर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. ते कोणत्या सालचं ३१ मार्च, ते आजच बघून ठेवा.