संशोधन करणाऱ्या माणसाने निसर्गावर गंभीर, चिंतनशील कविता लिहिल्याचे उदाहरण आहे का?

होय, जर्मन महाकवी गटे हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे: पान, पाकळी आणि पुंकेसर ही एकाच मूळ अवयवाची रूपे आहेत, हा विचार त्यांनी १७९० मध्ये निबंधातून मांडला आणि १७९८ मध्ये त्याच विषयावर, प्रेयसीला उद्देशून, चिंतनशील कविता लिहिली. हाच विचार प्रत्यक्ष दिसावा म्हणून वनस्पतिशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना रावेर-यावलच्या बागेतले केळफूल आवर्जून दाखवतो. त्याचे जांभळे आवरण, जे खरोखर रूपांतरित पानच असते, उचलले की खाली पुढच्या फणीची फुले ओळीने दिसतात. मात्र न्यूटनला विरोध करणारा गटे यांचा रंगविषयक सिद्धांत भौतिकशास्त्राने स्वीकारला नाही, म्हणून शास्त्रज्ञ या नात्याने त्यांचा अधिकार सजीवांच्या रचनेच्या अभ्यासापुरताच मानावा.