वाचकांचे प्रश्न : ‘ब्लडी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : मी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स करते. ‘ब्लडी’, ‘बास्टर्ड’, ‘फकिंग’ आलं की अडते. शब्दकोशातला अर्थ घातला तर भयंकर वाटतं, गाळला तर संवाद अळणी होतो. (पुणे)

उत्तर : आधी एवढंच बघा, की शिवी कुणाला दिलीय की नुसती वाक्यात पेरलीय. ‘द ब्लडी बस इज लेट’ म्हणणारा बसला शिवी देत नाही, वैतागलेला असतो. त्यासाठी मराठीत ‘मेली’ हजर आहे : ‘ही मेली बस अजून आली नाही.’ ‘इट्स ब्लडी हॉट’ म्हणजे ‘मरणाचं उकडतंय’. रक्ताशी संबंध नाही, तसा आपल्या ‘मरणाच्या’ उकाड्यात कुणी मेलेलंही नसतं.

‘फकिंग’ याच जागी आलं तर काम तेच, वजन जास्त. तिथे ‘च्यायला’ चालतं, पण ते वाक्याच्या सुरुवातीला न्या : ‘च्यायला, काय उकडतंय!’ इंग्रजीत तो शब्द विशेषणाला चिकटतो, मराठीत तसा ठेवला की वाक्य लंगडतं. इंग्रजी माणूस तर शब्द फोडून मध्ये शिवी घालतो : ‘ॲब्सो-ब्लडी-लूटली’. त्यालाही नियम आहे. मूळ शब्दात जोर ‘लू’वर, म्हणून शिवी बरोबर त्याच्या आधी, ‘ॲब-ब्लडी-सोलूटली’ कुणीच म्हणत नाही. आपल्याकडे ही सोय नाही, तेव्हा ‘म्हणजे काय, प्रश्नच नाही!’ असं मोकळं करा.

‘बास्टर्ड’चा कोशातला अर्थ अनौरस. पण ‘लकी बास्टर्ड’ म्हणजे ‘नशीबवान लेकाचा’ आणि ‘पुअर बास्टर्ड’ म्हणजे नुसतं ‘बिचारा’. दात-ओठ खाऊन म्हटलं असेल तरच ‘हरामखोर’.

सगळ्यात जास्त चुका ‘मदरफकर’पाशी होतात. इंग्रजीतल्या बहुतेक शिव्या शरीर, संभोग आणि देवाधर्मावर आहेत. आपल्या जड शिव्या आई-बहिणीवर. शब्दशः भाषांतर केलं की एरवी मित्राला सहज म्हटलेला शब्द मराठीत थेट आईवर जातो. उलट ‘गॉडडॅम’ मराठीत आणलं की त्यात काहीच उरत नाही, श्रद्धाळू ख्रिस्ती घरात मात्र ते आजही लागतं.

वजन ठरवायला एक पट्टी हाताशी ठेवा. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ने २०१६ मध्ये लोकांना विचारून चार पायऱ्या लावल्या. सौम्य : ब्लडी, बगर, डॅम. मध्यम : शिट, बिच, बॉलक्स. तीव्र : बास्टर्ड, प्रिक, डिकहेड. सर्वांत वर ‘फक’, ‘मदरफकर’ आणि ‘सी’ने सुरू होणारा स्त्री-अवयवाचा शब्द. ही पट्टी २०१६ च्या ब्रिटनची आहे, अमेरिकेत ‘सी’चा शब्द आणखी जड पडतो. काळही पाहावा लागतो. १९१४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातली एलायझा (आपल्या ‘ती फुलराणी’ची मूळ नायिका) ‘नॉट ब्लडी लाइकली’ म्हणाली, तेव्हा शहरभर खळबळ उडाली. त्या काळातल्या मालिकेत ‘मेली’ वापरलंत तर प्रसंगाचा जीव जाईल.

कायद्याच्या भीतीने सरसकट फुल्या मारू नका. एका वेब मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये म्हटलंय, की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. असे शब्द बहुधा राग-वैताग दाखवतात, शब्दशः अर्थ नव्हे.

प्रश्न : मुलगा शिकायला लेस्टरला चाललाय. त्याचं इंग्रजी चांगलं आहे, शिव्या तो देत नाही. तरी काय जपावं? (सांगली)

उत्तर : शिव्या न देणाराच इथे फसतो. क्रिकेटच्या गप्पांत आपण ‘पाकी’ सहज म्हणतो. ब्रिटनमध्ये ती वांशिक शिवी आहे आणि दक्षिण आशियातल्या कुणालाही, म्हणजे तुमच्या मुलालाही, तीच दिली जाते. पाकिस्तानच्या संघाबद्दल बोलतानाही नको.

‘स्पास्टिक’ हा वैद्यकीय शब्द तिथल्या शाळांच्या मैदानावर शिवी बनला. इतका, की ‘स्पास्टिक्स सोसायटी’ने १९९४ मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केलं. मुंबईची त्याच नावाची संस्थाही आता ‘अडॅप्ट’ आहे.

‘फॅनी’ अमेरिकेत ढुंगण, ब्रिटनमध्ये स्त्रीचा अवयव. तेव्हा कमरेच्या पाउचला ‘फॅनी पॅक’ न म्हणता ‘बम बॅग’ म्हणावं. ‘आय ॲम पिस्ड’ म्हणजे तिथे ‘मी प्यायलोय’. चिडलोय म्हणायचं तर मागे ‘ऑफ’ हवं. खोडरबराला ‘रबर’ बिनदिक्कत म्हणू दे, निरोधाचा घोळ अमेरिकेत होतो.

आणि हात. दोन चहा सांगताना दोन बोटं दाखवली आणि तळवा स्वतःकडे, हाताची पाठ समोरच्याकडे असली, तर ती ब्रिटनमध्ये शिवी आहे. तळवा बाहेर ठेवला की नुसते दोन चहा.

प्रश्न : आठ वर्षांची मुलगी पेन्सिल पडली तरी ‘शिट’ म्हणते. रागवावं का? (नाशिक)

उत्तर : तिला तो आपल्या ‘शी!’चाच इंग्रजी भाऊ वाटत असणार. अर्थ एकदाच, शांतपणे सांगा : शू-शीतली शी. बहुतेक मुलांना इथेच हसू येतं आणि शब्दाची ऐट जाते. दरवेळी दचकलात तर तो टिकेल. ‘शूट’, ‘फ्रीकिंग’, ‘हेक’ हे त्याच शिव्यांचे सोज्वळ मुखवटे, शाळेत चालून जातात. ‘व्हॉट द…’ मात्र अर्धवट सोडलं तरी ऐकणारा पुढचं मनात पुरं करतो. मोबाइलवरचं ‘डब्ल्यूटीएफ’ही तेच.

प्रश्न : ‘फक’ हे राजाच्या परवानगीविषयीच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलं, हे खरं का? (पणजी)

उत्तर : नाही. शब्द जर्मानिक कुळातला, कित्येक शतकं जुना. आद्याक्षरांचे शब्द पाडायची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली. ‘शिट’ म्हणजे ‘शिप हाय इन ट्रान्झिट’ (जहाजात खत उंचावर ठेवा) या सूचनेची आद्याक्षरं, ही कथाही अशीच रचलेली. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने ‘फक’ला १९७२ च्या पुरवणीत जागा दिली, म्हणून तो नवा वाटतो इतकंच.

खरी गंमत ‘बगर’ची. तो ‘बल्गेरियन’वरून आला : तिकडच्या पाखंडी पंथावर अनैसर्गिक संभोगाचा आळ घेतला गेला आणि देशाचं नाव शिवी झालं. १५३३ मध्ये इंग्लंडने याच नावाचा कायदा केला, आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेतलं ‘अनैसर्गिक’ संभोगाविषयीचं कलम ३७७ त्याच वंशावळीतलं होतं. आज ऑस्ट्रेलियात दारात बोट चेमटलं तरी ‘बगर!’ म्हणतात, आजीसमोरसुद्धा.