मुलाच्या नावावर उचल घेऊ नका

प्रश्न : आम्ही माजलगाव तालुक्यातले, अनुसूचित जातीचे. नवरा-बायको ऊसतोडीला जातो. मुलगा छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झाला. खोलीभाडं आणि खानावळ झेपेना. शिष्यवृत्तीचे काही पैसे खात्यावर आले होते, ते घरात खर्चले. आता कॉलेज फी मागतंय. मुलगा म्हणतो, यंदा कोयता धरतो. टोळीचा मुकादम त्याच्याही नावावर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, द्यायला तयार आहे. काय करावं?

उत्तर : भाऊ, ती उचल घेऊ नका. अंगावर आलेली उचल एका हंगामात फिटतेच असं नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार! पोरगं एकदा त्यात गुंतलं की दुसरं वर्ष राहूनच जातं.

फीचा घोळ तुमच्या एकट्याच्या घरातला नाही. या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. केंद्राचा वाटा थेट मुलाच्या खात्यात पडतो आणि त्यात निर्वाहभत्त्याबरोबर कॉलेजची फीसुद्धा असते. बँकेच्या मेसेजमध्ये ही फोड नसते, मग आलेली सगळी रक्कम आपलीच वाटते. मुलाला प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यायला सांगा, फी हप्त्यानं भरतो म्हणून. अर्जाची पोच घ्यायची, नुसतं तोंडी बोलून यायचं नाही. राज्याचा वाटा आला का, हेही बघा. आधार ज्या खात्याला जोडलंय तिथंच पैसे जातात. कित्येकदा ते कुठल्या तरी जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

राहण्या-जेवणासाठी ‘स्वाधार’ योजना आहे. पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही आणि विद्यार्थी त्या शहरातला नसेल, तर हा आधार मिळतो. संभाजीनगरसाठी वर्षाला ५१,००० रुपये : जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,०००, निर्वाहभत्ता ८,०००. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. मात्र पैसे उशिरा येतात. म्हणून मी आधी वसतिगृहाचाच अर्ज करायला सांगेन. तिथं छप्पर आणि जेवण लगेच मिळतं. तोवर कॉलेजात ‘कमवा व शिका’ असेल तर तेही विचारा.

आता तुमच्या हातातलं काम. दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती आपोआप येत नाही, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर नूतनीकरणाचा अर्ज करावाच लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असेल तर तहसीलमधून नवा दाखला टोळी हलायच्या आधी काढून ठेवा. दुसरं, मुलाच्या आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. तुमचा असेल तर बदलून घ्या. पोरगं संभाजीनगरात नेट कॅफेत बसलेलं, ओटीपी मात्र तुमच्या फोनवर, आणि तुम्ही कोल्हापूरकडं कुठल्या उसाच्या फडात. फोनला चार्जिंगही नसायचं. अशानं अर्ज अर्धवट राहतो.

अर्ज भरल्यावर दर आठवड्याला तो उघडून बघायचा, हे मुलाला बजावा. एखादा कागद अस्पष्ट असला तरी अर्ज परत येतो, आणि कॉलेजचे क्लार्क प्रत्येकाला फोन करून कळवत नाहीत. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पाठवला तर चालतो.

मुकादमाला यंदा तुमच्या जोडीचा एकच कोयता सांगा.