जुनी एअर-कूल्ड कार उन्हाळ्यात गर्दीत तापते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९६९ ची फोक्सवॅगन कारमान घिया आहे, म्हणजे इंजिन मागे आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारं. राहायला जळगावात. एप्रिल लागल्यापासून अजिंठा चौफुलीला दहा मिनिटं अडकलात की मागून तापलेल्या तेलाचा वास येतो आणि ऑइलचा दिवा मिणमिणायला लागतो. मेकॅनिकने मागच्या झाकणाखाली इलेक्ट्रिक पंखा बसवायला सांगितलाय, तो बसवावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

नका बसवू. आधी गाडीचा स्वतःचा पंखा जी हवा फेकतोय ती कुठे जातेय ते शोधा.

माझ्याकडे चाळीसगावला १९६६ ची बीटल आहे, वडिलांच्या हातची. घिया दिसायला स्पोर्ट्स कार असली तरी वरची बॉडी सोडली तर खाली इंजिन बीटलचंच, म्हणून अनुभवाने सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हाही मी ती चालवतो. उभ्या गाडीत, नुसत्या आयडलवर, इंजिन फार उष्णता तयारच करत नाही. सगळं जागच्या जागी असेल तर ही गाडी सिग्नलला तापायला नको.

आपल्या कूलरचंच बघा. खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर करून लावला तर खोली गार होते. तोच कूलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या तर तीच दमट हवा फिरत राहते आणि जीव घुसमटतो. तुमच्या इंजिनचं तेच होत असावं. पंखा डायनॅमोच्या शाफ्टवर बसलेला असतो आणि क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. तो वरून थंड हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या अंगावरच्या पातळ कडांवरून खाली ढकलतो. गरम झालेली हवा गाडीखाली जाते. वरचा थंड भाग आणि खालचा गरम भाग यांच्यामध्ये पत्रे असतात आणि कडेने चारी बाजूंनी रबराची पट्टी. पन्नास वर्षांत हे रबर कडक होऊन गळून पडतं, आणि इंजिन उतरवलं की एखादा पत्रा गॅरेजमध्येच राहून जातो. गाडी धावत असते तेव्हा खालची गरम हवा मागे उडून जाते, त्यामुळे काही जाणवत नाही. गाडी थांबली की तीच हवा फटींमधून वर येते आणि पंखा ती पुन्हा आत ओढतो. म्हणून हायवेला ठणठणीत आणि चौफुलीला बेजार.

तपासायला एक पैसा लागत नाही. रात्री अंधारात इंजिनच्या कप्प्यात वरच्या बाजूला टॉर्च लावून ठेवा आणि गाडीखाली डोकावा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा फुटतेय. स्पार्क प्लगच्या वायरींवरची रबरी टोपणंही बघा. आणि हिटरच्या नळ्या नक्की बघा. आपल्याकडे हिटर कशाला हवा म्हणून त्या काढून टाकतात आणि पंख्याच्या आवरणाची दोन्ही तोंडं उघडीच ठेवतात. सिलिंडरकडे जायची हवा तिथूनच बाहेर पडते. नळ्या नसतील तर तोंडांना घट्ट झाकणं बसवा.

हे मला कसं कळलं ते सांगतो. एका उन्हाळ्यात औट्रम घाटात ट्रकांच्या रांगेमागे माझी गाडी इतकी तापली की डिपस्टिक हातात धरवेना. त्याआधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. कोणी ऑइल बदललं, कोणी कार्बोरेटर. शेवटी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "हवा कथा जाई राहिनी, ते पहिले देख भाऊ." म्हणजे हवा कुठे जातेय ते आधी बघ. पंख्याचं आवरण उचललं तर आत ऑइल कूलरवर, म्हणजे तेल थंड करणाऱ्या भागावर, उंदराचं घरटं. कापूस, सरकी, भुईमुगाची टरफलं, पोत्याचे सुतळीचे तुकडे, सगळं तेलाच्या धुरकट ओलीने चिकटून चामड्यासारखं झालेलं. पेचकसाने उचकटलं तर अख्खा तुकडा एका हिसक्यात निघाला, खालच्या बाजूला कूलरच्या पट्ट्यांचे ठसे उमटलेले. पावसाळाभर गाडी कापसाच्या गोडाऊनमध्ये उभी होती, हे तेव्हा आठवलं. डिझेल आणि ब्रशने कूलर धुतला, आणि त्याच उन्हात परतीचा घाट गाडी आरामात चढली.

तुमच्या १९६९ च्या इंजिनातही ऑइल कूलर त्या आवरणाच्या आत, ३ नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो. ३ नंबर म्हणजे डाव्या बाजूचं, पुढचं. त्याला कूलरवरून आलेली, आधीच तापलेली हवा मिळते, म्हणून सगळ्यात आधी तेच भाजतं. कंपनीने १९७१ च्या मॉडेलपासून कूलर पुढे सरकवून त्याला हवेची वेगळी वाट दिली. खर्च करायचाच असेल तर ते नंतरचं आवरण आणि कूलर बसवून घ्या. इलेक्ट्रिक पंख्यापेक्षा ते लाखपट बरं.

आवरणातल्या झडपा आणि खालचा, तापमानाप्रमाणे त्या उघडणारा थर्मोस्टॅट "आपल्याकडे थंडी कुठाय" म्हणून काढून टाकलेला असतो. झडपा हवेला दिशाही देतात, त्यामुळे त्या असू द्या. थर्मोस्टॅट बिघडला तर झडपा उघड्याच राहतात, तशी सोय मुळातच केलेली आहे.

हवेची वाट नीट झाली की मग टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. डेल्को (डिस्ट्रिब्युटर) नुसत्या कानाने सेट करू नका, पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट धरून करा. टॅपेटची फट पूर्ण थंड इंजिनवर, म्हणजे सकाळी गाडी चालू करायच्या आत, ०.१५ मिलिमीटर. टॅपेट घट्ट राहिले की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, आणि आवाज येत नाही म्हणून आपण खूश असतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतंय. त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरमधल्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग बघा, विटकरी-तपकिरी हवा, पांढरा नको. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या याच कारणाने लगेच बदला. या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा अशाच एखाद्या नळीमुळे.

ऑइल जेमतेम अडीच लिटर बसतं आणि फिल्टर नाही, फक्त जाळी आहे. मी २०डब्ल्यू-५० वापरतो आणि उन्हाळ्यात अडीच हजार किलोमीटरला बदलतो. दिवा आयडलला मिणमिणतो आणि जरा रेस दिली की विझतो, तर ऑइल पातळ झालंय, जपून घरी या. रेस देऊनही विझला नाही तर त्याच जागी इंजिन बंद करा.

कधीकधी गाडी गर्दीत बंद पडते आणि अर्धा तास चालूच होत नाही. ते इंजिन तापणं नसतं, इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ होते. जुने पद्मिनीवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे, तोच उपाय इथेही चालतो. पण तापलेल्या इंजिनवर पाणी कधीही ओतू नका. हेड अॅल्युमिनियमचे आणि सिलिंडर बिडाचे, तडा जायला वेळ लागत नाही.

चालवताना चौथ्या गियरमध्ये ओढत नेऊ नका. पंखा इंजिनच्या वेगाप्रमाणेच फिरतो, आरपीएम पडले की हवाही पडते आणि लोड मात्र तसाच राहतो. घाटात एक गियर खाली टाका, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. सिग्नलला न्यूट्रल करून किंचित रेस ठेवा. आणि खूप तापली असेल, पण दिवा लागलेला नसेल, तर झटकन बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवा, तेवढीच हवा मिळते.

पट्टा अंगठ्याने दाबून दीड सेंटिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. ढिला असेल तर डायनॅमोच्या पुलीच्या दोन तबकड्यांमधला एखादा वॉशर काढून नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे पुढे नवा पट्टा टाकताना तो परत लागतो. पंखा आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर असल्यामुळे चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर पट्टा गेला असं समजून तिथेच थांबा, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही नेऊ नका. मी डिकीत एक नवा पट्टा, २१ चा पाना आणि पुली अडकवून धरायला एक जाड पेचकस कायम ठेवतो. पट्टा बदलायला पंधरा मिनिटं लागतात, फक्त पुली थंड व्हायची वाट बघा.