आधी हात, मग मशीन

प्रश्न : माझे मिस्टर 54 वर्षांचे आहेत. पिठाची गिरणी आहे. साखरेचा आजार जुना. आता किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 6.4 आलंय. डॉक्टर म्हणतात, डायलिसिस आज नको, पण हातात फिस्टुला करून ठेवा. दीर म्हणतात, एकदा हात कापला की मशीन मागे लागतं, ते सुटत नाही. ओळखीच्या एकांनी काढा सुचवलाय. मिस्टर अजून पोती उचलतात. आत्ताच ऑपरेशन करायचं का? पुढे गिरणीचं आणि जेवणाखाण्याचं काय? — एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : ताई, करून घ्या, आणि याच महिन्यात.

माझी नोकरीची हयात डायलिसिस विभागात गेली. दिरांचं हे वाक्य मी तिथे असंख्य तोंडांतून ऐकलं. फिस्टुला केला म्हणून डायलिसिस लागत नाही, किडनी संपत आली म्हणून लागतं. मशीनला मिनिटाला 250-300 मिली रक्त हवं असतं, आणि हातातली साधी शीर तेवढं देत नाही. म्हणून जागा बधिर करून मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनी शिरेला जोडतात, हाच फिस्टुला. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरतं, शीर फुगते, तिची भिंत जाड होते. याला दीड ते तीन महिने जातात. थांबू या म्हणणारे एखाद्या रात्री दम लागून येतात, मग मानेत नळी घालावी लागते. त्या नळीतून जंतू थेट रक्तात जातात. थंडी वाजून ताप, पुन्हा भरती, आणि फिस्टुला करायचा राहतोच.

उजव्या हाताने काम करत असतील तर बहुधा डावा हात निवडतील. त्या हाताला आजपासून सुई लावू देऊ नका. रक्त घ्यायचं तर दुसऱ्या हाताच्या पंजाच्या पाठीवरून घ्यायला सांगा. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर बीपी नाही, सलाईन नाही, घट्ट घड्याळ नाही, उशाला हात घेऊन झोपणं नाही. रोज सकाळी बोटं ठेवून बघायचं. गिरणी चालू असताना भिंतीला हात लावला की जाणवते, तशी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, उद्यावर टाकू नका.

पोत्यांसाठी मात्र आता पोरगा ठेवा. जखम भरेपर्यंत पिठाच्या धुरळ्यात तो हात नको, आणि पुढेही त्या हातावर जड ओझं नको. दळण घेणं, हिशेब, चक्कीवर लक्ष, हे सगळं जमेल. डायलिसिस सुरू झालं की आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास. जाण्यायेण्यात आणि थकव्यात तो दिवस गेलाच समजा. आपल्याकडे अंतरापायी, पैशापायी बरेच जण दोनदाच करतात. मला ते पटत नाही, तिसरी वेळ सोडू नका. पहाटेची पाळी मिळाली तर मागून घ्या, संध्याकाळी गिरणी उघडता येते.

साखर आपोआप उतरायला लागली तर आनंदाने पेढे वाटू नका. इन्शुलिनचा निचरा किडनी करते. ती मंदावली की तेच इन्शुलिन अंगात जास्त वेळ राहतं आणि साखर धोकादायक खाली जाते. डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. काढा नको, भस्मं तर नकोतच, आणि गुडघे दुखले म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही नको.

स्वयंपाकात मीठ कमी. पण त्याऐवजी 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. रक्तात ते चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून शहाळंही नको. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या आणि मग फोडणी घाला. शेंगाचटणीला हात आखडता घ्यायचा हे बार्शीकरांच्या जिवावर येतं, ठाऊक आहे मला. डाळ-अंडी सध्या मापात. डायलिसिस सुरू झालं की हे उलटतं, प्रथिनं वाढवावी लागतात. खूप घरांत जुनंच पथ्य चालू राहतं आणि माणूस वाळत जातो.

हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा, किडनीच्या रुग्णाला ती दुप्पट मात्रेत देतात. महात्मा जोतिराव फुले योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. एसटीच्या सवलतीचा दाखलाही विचारा.

किडनी बदलण्याचं तुमच्या पत्रात काहीच नाही. डायलिसिसच्या आधीही ते करता येतं. 1994 च्या कायद्यात पत्नी आणि भाऊ दोघंही जवळचे नातेवाईक धरले आहेत. तेव्हा तुमचा रक्तगट तपासा, आणि हाताची एवढी काळजी करणाऱ्या दिरांचाही.

प्रश्न : आईचं डायलिसिस चालू आहे. दोन वेळांच्या मध्ये वजन 4 किलो वाढतं. पाणी तर मोजूनच देतो. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चहा, आमटी, पेज, सोलकढी मोजता का? तेही पाणीच, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. त्याहून आधी लोणचं, पापड, सुकी मासळी बंद करा. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच, तिथे आईंना रागावून उपयोग नाही. दिवसभरात लघवी किती होते ते मोजा, त्यात साधारण अर्धा लिटर मिळवा. तेवढं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा, आणि दिवसभरातला चहाही त्याच मापातून वजा करा.