खान्देशात थ्युनेनची वर्तुळं का सापडत नाहीत?

पारोळ्याच्या एका विद्यार्थी सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कृषी भूगोल आहे. थ्युनेनची वर्तुळं (शहराभोवती पिकांची कडी कशी पडतात हे सांगणारं मॉडेल), सघन शेती (थोड्या जमिनीवर जास्त खर्च आणि मेहनत) आणि विस्तृत शेती (जास्त जमिनीवर कमी खर्च), वस्तीचे प्रकार, जमिनीची मोजणी, सगळं पाठ झालंय. पण प्रकल्पासाठी गावाचा पीकनकाशा रंगवला तर एकही वर्तुळ निघेना. मग मॉडेल चूक की नकाशा चूक?

भाऊ, नकाशा बरोबर आहे आणि मॉडेलही बिघडलेलं नाही. तू कंपासचं टोक चुकीच्या जागी रोवलंस आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजलंस, एवढंच. तीस वर्षं हेच शिकवलं, घरी केळीची बागायत आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घे.

आधी थ्युनेन. हा काही विद्यापीठात बसून वर्तुळं काढणारा गृहस्थ नव्हता. उत्तर जर्मनीत मेक्लेनबुर्ग भागात तेलो नावाची जमीनदारी त्याने 1810 मध्ये घेतली, वर्षानुवर्षं तिथल्या शेतीचा पै-पैचा हिशेब लिहिला आणि 1826 मध्ये पुस्तक काढलं. त्यातलं राज्य कल्पनेतलं आहे. सपाट मैदान, सगळीकडे सारखी माती, मधोमध एकच शहर, नदी नाही, रेल्वे नाही, माल घोडागाडीने जाणार. धान्य शहरात नेताना वाटेत घोडे किती धान्य खातात, तेसुद्धा त्याने वाहतूक खर्चात धरलंय. माणूस शेतकरी होता हे इथे कळतं.

त्याचा मुद्दा हिशेबाचाच आहे. सोयीचे आकडे घेऊ. एका एकरात दहा क्विंटल माल झाला. क्विंटलला भाव 6000, पिकवायचा खर्च 4000. बाजाराला लागून शेत असेल तर एकरी 20,000 उरले. आता वाहतुकीला क्विंटलमागे दर किलोमीटरला 10 रुपये धर. 50 किलोमीटरवरच्या शेतात 15,000 उरतील आणि 200 किलोमीटरवर शून्य. उरलेल्या या रकमेला पुस्तकात ‘आर्थिक खंड’ म्हणतात. प्रत्येक पिकाची ही घसरणारी रेषा वेगळी असते. दुधाची एकदम कोसळते, धान्याची हळू उतरते. ज्या अंतरावर ज्या पिकाची रेषा वर, तिथे ते पीक. वर्तुळं नंतर आपोआप पडतात. तू वर्तुळं पाठ केलीस आणि ही रेषा सोडलीस, म्हणून घोळ झाला.

आता जळगावला ये. शहराला खेटून आसोदा आहे. भरताची वांगी म्हटलं की ज्या गावांची नावं निघतात, त्यातलं हे एक. पहाटे तोडलेलं वांगं सकाळी बाजारात पोचतं. हे थ्युनेनचं पहिलं कडं, भाजीपाला आणि दूध, जसंच्या तसं. दुसरं कडं त्याने जंगलाचं ठेवलं होतं, कारण शहराला सरपण लागायचं आणि लाकूड वजनाला भारी. आपल्याकडे हे कडं का नाही, माहीत आहे? आपलं सरपण कपाशीच्या शेतातच उभं असायचं. कापूस वेचून झाला की काड्या उपटायच्या, बैलगाडीत भरायच्या, घरामागे गंज रचायची. हिवाळ्यात भरीत पार्टीला वांगी त्याच काड्यांवर भाजतात. एकाच शेतातून रोकडही आणि चुलीचं इंधनही, मग जंगलाचं कडं राखणार कोण? पुढे गॅस आला आणि प्रश्नच मिटला.

खरी गंमत केळीत आहे. केळी नाशिवंत, म्हणजे पुस्तकाप्रमाणे ती शहराजवळ हवी. रावेर-यावलची केळी तर हजार किलोमीटरवर दिल्लीला जाते! परीक्षेत हा प्रश्न आला की मुलं ‘रेल्वेमुळे’ एवढं लिहून मोकळी होतात. ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं बघायचं तर कापणीच्या दिवशी बागेत उभं राहावं लागतं. एक जण घड कापतो, दुसरा तो खांद्यावरच्या गादीवर अलगद झेलतो, आणि घड असतो हिरवागार, दगडासारखा. खायला घेतलास तर तोंड तुरट होईल. पिकवणं होतं दिल्लीच्या वखारीत. म्हणजे नाशाचं घड्याळ इथे सुरूच होत नाही, ते तिथे पोचल्यावर सुरू होतं. त्यात भुसावळचं जंक्शन आणि सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर माल भरायची सोय, म्हणून रेषेची घसरण एकदम सौम्य झाली. तरी अंतर संपलं असं समजू नकोस. वॅगन वेळेवर मिळाल्या नाहीत की व्यापारी पहिल्यांदा भाव पाडतो. त्या आठवड्यात दिल्ली आमच्यापासून दुप्पट लांब गेलेली असते.

दुसऱ्या टोकाला धडगाव बघ. सातपुड्यात आंबा भरपूर, पण पिकलेला आंबा घाट उतरून बाजारात नेईपर्यंत त्याचा रस पाटीतच व्हायचा. म्हणून तिथे कैरीच्या फोडी करून उन्हात वाळवतात आणि आमचूर विकतात. वजन घटलं, टिकाऊपणा वाढला, अंतर झेपलं. नंदुरबारला मिरचीचं तेच. ओली लाल मिरची घेऊन शहराबाहेर मोकळ्या जागांवर पसरतात. त्या पथाऱ्या तू पाहिल्या असशील, हंगामात जमीन दिसत नाही, नुसता लाल रंग दिसतो. जमीन-वापराच्या नकाशात ती जागा पडीक म्हणून रंगवू नकोस, तिथे मिरचीचं वजन कमी करायचा कारखाना चालू असतो. थ्युनेननेही लांबच्या कड्यांसाठी हेच म्हटलं होतं, की तिथून दूध नाही परवडणार, लोणी परवडेल.

आता मुख्य गोष्ट. खान्देशात केंद्रं दोन असतात, एक बाजार आणि दुसरं पाणी. दुसरं जास्त जोरकस. म्हणून आपल्याकडे वर्तुळांऐवजी पट्टे पडतात. माझ्याच तालुक्यात तापीपासून सातपुड्याकडे सरळ उत्तरेला चालत जा. काठावर आधी लागतात गाळात खोल कापलेल्या घळी. तिथे शेती जेमतेम, आणि नदी डोळ्यांसमोर असून तिचं पाणी पूर्वी कामाचं नव्हतं, कारण तापी उंच दरडींमधून खोल वाहते. उपसा योजना येईपर्यंत नदीकाठचा माणूस पाण्याला पारखाच होता. घळी संपल्या की खोल गाळाची काळी जमीन, विहिरी आणि केळी. त्यापुढे पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा, ज्याला भूजलवाले बजाडा म्हणतात. डोंगरातून आलेलं पाणी तिथे मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. मग जंगल. पाच-सहा तासांची चाल, आणि चार जमीन-वापर.

या पट्ट्यांतही अंतर आहेच, फक्त ते उभं मोजायचं. आमच्या विहिरीवर आजोबांची मोट होती, वडिलांचं ऑइल इंजिन, माझी विजेची मोटार, आता बोअर आणि ठिबक. प्रत्येक पायरीला पाणी खाली गेलं आणि वर काढायचा खर्च वाढला. बाजार जागचा हलला नाही, पण आमच्या शेताचा आर्थिक खंड आखडत गेला. पायथ्याकडच्या काही बागा याच हिशेबाने मोडल्या आणि तिथे पुन्हा कापूस, मका, हरभरा आला. सघन शेती विस्तृत होते ती अशी. पुस्तकात हा बदल एकाच दिशेने जाताना दाखवतात, आमच्या शिवारात तो दोन्हीकडे जातो.

पाणी जमिनीचा आकारसुद्धा ठरवतं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेत 1785 च्या कायद्याने जमीन चौकोनांत कापली. सहा मैलांचा चौरस, त्यात 36 भाग, प्रत्येक 640 एकरांचा. खाली नदी आहे की टेकडी, बघायचंच नाही. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीकाठी फ्रेंच वसाहतवाल्यांनी उलट केलं. नदीला काटकोनात लांबलचक पट्ट्या पाडल्या, म्हणजे प्रत्येकाचं तोंड नदीवर. मुलं हे दोन नकाशे पाठ करतात आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्रीची फड पद्धत विसरतात. पांझरा नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल तर पुढे पीक फिरणार. पाणी फिरवायला गावाने नेमलेला पाटकरी. ज्याची पट्टी प्रत्येक फडात आहे, त्याला प्रत्येक पिकात वाटा आणि पाणी कमी पडलं तर तोटाही सगळ्यांबरोबर. शासनाच्या भाषेत हे जमिनीचं तुकडीकरण, त्याविरुद्ध 1947 चा कायदाच आहे. फडात मात्र तोच तुकडा विम्याचं काम करतो. पुढे वरच्या बाजूला धरणं झाली, ज्याला त्याला स्वतःची विहीर मिळाली आणि बऱ्याच फडांची शिस्त मोडली. मला विचारशील तर ती शिस्त मोडल्याचं नुकसान अजून कोणी नीट मोजलेलं नाही.

वस्तीच्या प्रकारांवर जास्त लिहीत नाही. केंद्रित वस्ती म्हणजे आपली पांढरी. घरं सगळी एकत्र, भोवती काळी, म्हणजे शेतजमीन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढारी आणि होळकरी फौजांनी हा मुलूख होरपळला, तेव्हा शेतात एकटं घर बांधणार कोण? म्हणून गढी आणि तिच्या भोवती गाव. विखुरलेली वस्ती बघायला युरोपात जायला नको, धडगावच्या बसमध्ये बस. एका गावाचे दहा पाडे, प्रत्येक घर आपल्या शेतात, उतारावर. सपाटीवरच्या माणसाला ‘गाव कुठे आहे?’ असं विचारावं लागतं, आणि तो गावातच उभा असतो.

आता तुझा प्रकल्प. कंपास ठेवून दे. तलाठ्याकडून गावनकाशा घे आणि वीस-पंचवीस गटांचे सातबारा काढ. नमुना सात मालकीचा, बारा पिकांचा, तुला बारा हवा. जिरायत, बागायत, पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) वेगळे रंगव. बाराच्या नोंदीवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नकोस. आमच्या एका गटात मोडलेली केळी दोन वर्षं कागदावर उभी होती. बांधावर जाऊन बघ. मग प्रत्येक गटापुढे तीन आकडे लिही: पांढरीपासून अंतर, विहिरीत किंवा बोअरला पाणी किती फुटांवर, आणि ती जमीन खंडाने दिली तर एकरी काय मिळतं. तिसरा आकडा लोक पहिल्या भेटीत सांगत नाहीत. चहा घे, पावसाबद्दल बोल, दुसऱ्या भेटीत विचार. थ्युनेनने हिशेबाने काढलेला खंड तो हाच, फक्त आपल्याकडे तो पारावर ठरतो.

तुझ्या तालुक्यात तामसवाडीला बोरी धरण आहे. कालव्याखालचं एक गाव आणि कालवा न पोचलेलं शेजारचं एक गाव, अशी जोडी घेतलीस तर बाजाराचं अंतर दोघांना जवळपास सारखंच पडेल. मग खंडात जो फरक येईल तो पाण्याचा. आकडे जमले की इथेच टाक, आपण मिळून रेषा काढू.