'सुरक्षित संगणन' की 'गोपनीय संगणन'?

क्रिप्टोग्राफीवरील (माहिती गुप्त व सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्रावरील) लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'सिक्युअर कम्प्युटेशन'साठी 'सुरक्षित संगणन' लिहावे की 'गोपनीय संगणन', आणि एकाच्या जागी दुसरा शब्द वापरल्याने काही बिघडते का. 'सिक्युअर कम्प्युटेशन' म्हणजे आपापली माहिती एकमेकांना न दाखवता अनेकांनी मिळून गणनाचे उत्तर काढणे. माझ्या मते शब्द बदलल्याने बिघडते, कारण नेमके काय झाकायचे आहे याची समजूत वाचक त्या विशेषणावरूनच करून घेतो.

संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८२ साली मांडलेल्या, या संगणनाचे मूळ उदाहरण ठरलेल्या प्रश्नात दोन लक्षाधीशांना आपल्यात अधिक श्रीमंत कोण हे जाणून घ्यायचे आहे, पण स्वतःची संपत्ती एकमेकांना सांगायची नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या आपल्याकडील 'हत्ता' पद्धतीत आकडा बघ्यांपासून लपत असे, मात्र व्यवहार करणाऱ्या दोघांनाही तो कळत असे. याओंच्या प्रश्नात तो समोरच्यालाही कळता कामा नये, आणि तरीही उत्तर दोघांना मिळाले पाहिजे.

हे घडते कसे, याचा एक सोपा प्रकार पाहू. तिघांना पगारांची सरासरी काढायची आहे. ज्याचा पगार ४० हजार आहे, तो त्याचे १२, ६१ आणि उणे ३३ असे वाटेल तसे तीन तुकडे करतो, एक स्वतःकडे ठेवतो आणि उरलेले इतर दोघांना एकेक देतो. तिघांनीही असे केल्यावर प्रत्येक जण आपल्या हाती आलेल्या तुकड्यांची बेरीज जाहीर करतो. त्या तीन बेरजा मिळवल्या की एकूण रक्कम निघते, पण सुट्या तुकड्यावरून कोणाचाच पगार कळत नाही. (प्रत्यक्षात हे अंकगणित एका ठरावीक संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर चालते, म्हणून तुकड्याच्या आकारावरूनही अंदाज बांधता येत नाही.) २००८ साली डेन्मार्कमध्ये बीटउत्पादक शेतकऱ्यांच्या उत्पादन-हक्कांचा लिलाव याच तत्त्वावर झाला, आणि कोणाचीही बोली उघड न होता बाजारभाव निघाला.

आता 'गोपनीय संगणन' का नको, ते पाहू. येथे कृतीची रीत सर्वांना ठाऊक असते आणि उत्तरही जाहीर करता येते. गुप्त राहतात ती फक्त प्रत्येकाची आदाने, म्हणजे गणनासाठी प्रत्येकाने दिलेली मूल्ये. 'गोपनीय संगणन' म्हटले की गणनच चोरून चालले आहे असा भास होतो. शिवाय प्रोसेसरच्या बंदिस्त कप्प्यात विदा (डेटा) हाताळण्याचे 'कॉन्फिडेन्शियल कम्प्युटिंग' हे वेगळे तंत्र आहे, आणि हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. म्हणून प्रथम उल्लेखात 'सुरक्षित बहुपक्षीय संगणन' आणि पुढे नुसते 'सुरक्षित संगणन' लिहावे.

मात्र 'सुरक्षित' म्हणजे उत्तरातूनही काही कळणार नाही, असे भाषांतरात सूचित होऊ देऊ नये. वरच्या तिघांपैकी दोघांनी हातमिळवणी केली, तर एकूण बेरजेतून आपले पगार वजा करून ते तिसऱ्याचा पगार काढू शकतात, आणि यात संगणनाचा काहीही दोष नसतो. उत्तरातून होणारी ही गळती मोजण्याची व आटोक्यात ठेवण्याची व्याख्या संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'डिफरेन्शियल प्रायव्हसी' या नावाने मांडली. तिच्यासाठी मात्र 'विभेदी गोपनीयता' हाच शब्द योग्य वाटतो, कारण तेथे हमी दिली जाते ती विदेतील एकेका व्यक्तीच्या माहितीबद्दल.